औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंचा माग

सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या संग्रामपूर तालुक्यात कपाशी व संत्र्याच्या जोडीला पुष्कळ शेतकरी दुभती जनावरे पाळतात. कासदाह झालेल्या गाईस प्रतिजैविक औषध दिले असता दुर्बल जंतू मरतात. औषधाला न जुमानणारे जंतू मात्र टिकतात व वाढतात. शेण, विहिरीचे पाणी व न धुतलेले हात यांवाटे ते घरात शिरू शकतात. पुढे माणसास त्याच जंतूपासून आजार झाल्यास तेच औषध निरुपयोगी ठरते.

या जंतूंचा माग काढण्याची एक पद्धती जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली प्रसिद्ध केली. तीत माणसे, अन्नसाखळी व पाणी या तिन्ही ठिकाणी ‘ई. कोलाय’ हा आतड्यातील जंतू शोधतात. प्रयोगशाळेत तबकडीवर जंतू वाढवून औषधाच्या चकत्या ठेवतात. चकतीभोवती पुरेसे मोठे मोकळे वर्तुळ पडल्यास औषध लागू आहे असे समजावे. निरनिराळ्या ठिकाणच्या जंतूंची आनुवंशिक घडण जुळल्यास त्यांचा परस्परसंबंध दिसून येतो. कोणाकडून कोणाकडे ते गेले, हे मात्र एवढ्यावरून ठरत नाही.

माणसाच्या उपचारातील अखेरच्या औषधांपैकी एक असलेले कोलिस्टिन अन्नोत्पादक जनावरांसाठी बनवण्यास, विकण्यास व वितरित करण्यास केंद्र शासनाने २०१९ साली बंदी घातली.

पशुवैद्यकाच्या सल्ल्यावाचून औषध देऊ नये, दिल्यास मात्रा पूर्ण करावी. सांगितलेली मुदत संपेपर्यंत दूध विकू नये. शेणखत चांगले कुजवूनच शेतात घालावे. ग्रामपंचायत अधिकाऱ्यांनी ही माहिती घरोघरी पोचवावी.