नवं व्हर्जन काढताय? मग जुना ग्राहक कुठे जाणार तेही बघा



मागच्या व्हिडिओत आपण एकदाच विकल्या जाणाऱ्या वस्तूबद्दल बोललो. वस्तू चांगली आहे, टिकते, ग्राहक खूश आहे, पण तो परत येत नाही. यावर बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असतं, "नवं व्हर्जन काढू की!" काढा, हरकत नाही. पण त्याआधी अमेरिकेतल्या एका खेळाची गोष्ट वाचा. पन्नास वर्षांत या खेळाच्या इतक्या आवृत्त्या निघाल्या, की धंदा शिकायला यापेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही.

खेळाचं नाव डंजन्स अँड ड्रॅगन्स, लोक त्याला डी अँड डी म्हणतात. चार-पाच मित्र टेबलाभोवती बसतात. एक जण सूत्रधार होऊन गोष्ट सांगतो, बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. कुणी योद्धा, कुणी जादूगार. तलवार लागली की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. १९७४ मध्ये गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांनी हा खेळ बाजारात आणला. विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हा या छोट्या गावातली टीएसआर ही कंपनी, एका खोक्यात तीन पुस्तिका, किंमत दहा डॉलर आणि पहिली छपाई फक्त एक हजार प्रतींची. आपल्यापैकी बरेच जण याहून मोठं भांडवल घेऊन सुरुवात करतात.

आता यातली अडचण ओळखा. नियमांचं पुस्तक एकदा घेतलं की पाच मित्र त्यावर दहा वर्षं खेळू शकतात. कंपनीचा गल्ला भरणार कसा? उत्तर सोपं होतं, आणखी पुस्तकं. नवे राक्षस, नवी मंत्रविद्या, नवे नियम. पुस्तक विकलं जातं, पण प्रत्येक पुस्तकाबरोबर खेळ थोडा अवघड होतो. जुन्या खेळाडूला ते आवडतं, कारण तो हळूहळू शिकत आलाय. दुकानात पहिल्यांदा आलेला पोरगा मात्र कपाटाकडे बघतो आणि विचारतो, "यातलं आधी कुठलं घ्यायचं?" तिथेच गिऱ्हाईक सुटतं.

टीएसआरला हे लवकर दिसलं होतं, हे त्यांचं श्रेय. १९७७ मध्ये त्यांनी नवशिक्यांसाठी सोपा 'बेसिक' संच काढला आणि त्याच वर्षापासून मुरलेल्या खेळाडूंसाठी 'अॅडव्हान्स्ड' मालिका सुरू केली. दोन दारं, दोन प्रकारचे ग्राहक.

गाडी घसरली पुढे. १९८९ मध्ये दुसरी आवृत्ती आली. त्यानंतरच्या वर्षांत कंपनी एकाच खेळासाठी वेगवेगळी काल्पनिक जगं विकत होती. फरगॉटन रेल्म्स, रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप, बर्थराइट, यादी मोठी आहे. प्रत्येक जगाची वेगळी पुस्तकं. जो डार्क सन खेळतो तो बर्थराइटचं पुस्तक कशाला घेईल? म्हणजे ग्राहक तेवढेच, पण त्यांचे तुकडे झाले, आणि प्रत्येक तुकड्यासाठी लिखाण, चित्रं, छपाई यांचा खर्च मात्र पूर्ण. न खपलेला माल परत यायला लागला, कर्ज वाढलं आणि १९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने टीएसआर विकत घेतली. त्या व्यवहारात असलेल्या रायन डान्सी यांनी नंतर लिहिलं, की टीएसआरने ग्राहकांचं ऐकणंच सोडून दिलं होतं. व्हरायटी वाढवली म्हणजे विक्री वाढते असं समजणाऱ्यांनी हा परिच्छेद पुन्हा एकदा वाचावा.

नव्या मालकाने २००० मध्ये तिसरी आवृत्ती काढली आणि आधी साफसफाई केली. एकच उदाहरण देतो. जुन्या नियमांत चिलखताचा आकडा जितका कमी, तितकं संरक्षण जास्त. शून्याच्या खालीही आकडा जायचा. वार लागला की नाही हे काढायला वजाबाकी करावी लागायची. तिसऱ्या आवृत्तीने हे उलटं केलं. मोठा आकडा म्हणजे चांगलं चिलखत. फासा टाका, आपली भर मिळवा, समोरच्याचा आकडा गाठला की वार लागला. बहुतेक कामांना हीच एक पद्धत. मग खेळ सोपा झाला का? नाही! पात्र घडवण्याचे पर्याय इतके वाढले, की तेवढ्यासाठी एक संध्याकाळ जाऊ लागली. पण ही गुंतागुंत खेळाडूने स्वतः हौसेने निवडलेली होती. वजाबाकीची कटकट कुणी हौसेने निवडली नव्हती. तुमच्या उत्पादनात यातली कुठली गुंतागुंत आहे, ते शोधा.

याच वेळी त्यांनी एक धाडस केलं. खेळाचे मूळ नियम खुल्या परवान्यावर दिले. कोणीही त्यावर पुस्तकं काढावीत, विकावीत. हिशोब असा, की साहसकथांच्या पुस्तकांत नफा कमी आणि खटपट जास्त, ती इतरांनी करावी. मूळ नियमपुस्तक मात्र लोक आपल्याकडूनच घेतील. हिशोब बरोबर होता. २००३ मध्ये सुधारित ३.५ आवृत्ती आली, तेव्हा तीनच वर्षांत पुन्हा पुस्तकं घ्यायला लागली म्हणून लोक कुरकुरले, पण राहिले.

२००८ मध्ये चौथी आवृत्ती आली, आणि आपल्या विषयाचा गाभा इथे आहे. ही आवृत्ती वाईट नव्हती. सगळी पात्रं तुल्यबळ, सूत्रधाराची तयारी सोपी. पण योद्धा काय आणि जादूगार काय, सगळ्यांची रचना एकाच साच्यातली झाली आणि जुन्या लोकांना हा आपला खेळच वाटेना. आठ वर्षं त्यांनी जे नियम पाठ केले, जी पुस्तकं जमवली, ती त्यांची गुंतवणूक होती. शिवणक्लासमध्ये तुम्ही ड्राफ्टिंगची पद्धत अचानक बदलली आणि जुन्या बायकांना सांगितलं, "तुमची वही आता चालणार नाही," तर काय होईल? तेच झालं.

आणि त्यांना जायला जागा होती. पायझो नावाची कंपनी २००७ पर्यंत डी अँड डीची मासिकं करारावर काढायची. करार संपला. हातात वाचक होते, आणि जुने नियम खुल्या परवान्यावर उपलब्ध होतेच. त्यांनी ३.५ ची डागडुजी केली, खेळाडूंकडून उघडपणे तपासून घेतली आणि २००९ मध्ये 'पाथफाइंडर' काढला. दोन-तीन वर्षांत अमेरिकेतल्या दुकानांच्या पाहणीत पाथफाइंडर डी अँड डीच्या पुढे होता. मूळ मालकाने टाकून दिलेला ग्राहक दुसऱ्याने अलगद उचलला. किराणा लाइनमध्ये असं रोज होतं म्हणा.

पुढची दुरुस्ती शांतपणे झाली. २०१२ मध्ये कंपनीने नव्या आवृत्तीचा कच्चा मसुदा लोकांपुढे ठेवला आणि खेळून सांगा म्हणाली. लाखाहून जास्त लोक त्यात आले. २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत छोट्या-छोट्या अधिक-उण्याची जंत्री जाऊन बऱ्याच ठिकाणी एकच नियम आला. परिस्थिती अनुकूल असेल तर फासा दोनदा टाका आणि मोठा आकडा घ्या, प्रतिकूल असेल तर लहान घ्या. दहा वर्षांच्या मुलालाही कळतं. प्राथमिक नियम फुकट दिले आणि नवशिक्यांसाठी वेगळा स्वस्त संच ठेवला. म्हणजे १९७७ चं सोपं दार परत उघडलं.

तरी जानेवारी २०२३ मध्ये त्यांचा पाय पुन्हा घसरला. जुना खुला परवाना रद्द करून मोठ्या प्रकाशकांकडून उत्पन्नाचा हिस्सा मागणारा मसुदा बाहेर फुटला. खेळाडू इतके चिडले की महिना संपायच्या आत कंपनीने माघार घेतली आणि पाचव्या आवृत्तीचे मूळ नियम क्रिएटिव्ह कॉमन्सखाली कायमचे मोकळे केले. २०२४ मध्ये सुधारित नियमपुस्तक आलं, तेव्हा तिला सहावी आवृत्ती म्हणणंही त्यांनी टाळलं आणि २०१४ पासूनची साहसं यावर चालतील, असं आधीच सांगून ठेवलं.

आता तुमचं काम. नवं व्हर्जन काढायचं ठरलं असेल, तर सगळ्यात जुन्या पाच ग्राहकांना फोन करा आणि एवढंच विचारा, "आमची वस्तू वापरायला शिकताना तुमचा वेळ कशात गेला?" त्यांनी सांगितलेली प्रत्येक गोष्ट नव्या व्हर्जनमध्ये राहते की जाते, ते समोर लिहा. मग महिन्याभरात नवीन आलेल्या पाच जणांना विचारा, घेताना कुठे अडखळलात. दोन्ही कागद शेजारी ठेवून बघा. पुढच्या व्हिडिओत आपण परवाना आणि फ्रँचायझी यातला फरक बघणार आहोत, तेव्हा हे कागद जवळ असू द्या.