लॅपटॉपची स्क्रीन गेली, की नुसती गोंधळली?

वीज गेली, पंखा थांबला आणि टेबलावरचा लॅपटॉपही गप्प झाला. खरे तर लॅपटॉपला बॅटरी असते, वीज जाण्याशी त्याचे काही देणेघेणे नसावे. पण तीन-चार वर्षे रोज वापरलेल्या अनेक लॅपटॉपची बॅटरी नावापुरतीच उरलेली असते. चार्जरची पिन हलली तरी तो मान टाकतो. पाच मिनिटांनी वीज येते, बटण दाबले जाते आणि स्क्रीनवर आडव्या रेघा, थरथरणारे चित्र किंवा नुसताच काळोख. ‘स्क्रीन गेली’ असा निकाल घरातच लागतो आणि लॅपटॉप पिशवीत घालून दुकानाकडे निघतो.

जयसिंगपूरला पावसाळ्यात हे चित्र नवे नाही. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरांत शिरोळ तालुक्याने विजेशिवाय काढलेले दिवस लोक विसरलेले नाहीत. पण लॅपटॉपला धक्का द्यायला महापूर लागत नाही, दोन मिनिटांची ये-जा पुरते. अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याचा प्रोजेक्ट, कर सल्लागाराचे जीएसटीचे काम, दुकानाचा टॅलीमधला हिशेब, सगळे त्या एका स्क्रीनमागे अडकते. नवे पॅनेल बसवायचे तर काही हजार रुपये जातात. म्हणून पैसे मोजण्याआधी एक गोष्ट ठाऊक हवी. अचानक बंद झाल्याने लॅपटॉपची स्क्रीन जळण्याचे प्रकार फार कमी. बिघडते ते बहुधा स्क्रीनला चित्र पुरवणारे सॉफ्टवेअर, आणि ते घरी दुरुस्त होऊ शकते.

बटण दाबून धरले की आत काय होते?

नीट ‘शट डाऊन’ केल्यावर विंडोज आधी सगळे प्रोग्रॅम बंद करते, मेमरीतले अर्धवट काम डिस्कवर लिहिते आणि मग वीज तोडते. पॉवरचे बटण काही सेकंद दाबून धरले किंवा मेलेल्या बॅटरीसह चार्जर सुटला, तर यातले काहीच होत नाही. फाइल लिहिता लिहिता हात थांबतो. विंडोजची फाइल ठेवण्याची पद्धत बऱ्यापैकी सावध असते. बदलांची नोंद ती वेगळी ठेवते, त्यामुळे सगळी डिस्क सहसा कोलमडत नाही. पण त्या क्षणी जी फाइल लिहिली जात होती ती अर्धवट राहू शकते. ती ग्राफिक्स ड्रायव्हरची असेल, म्हणजे विंडोज आणि स्क्रीन यांच्यातल्या दुभाष्याची असेल, तर पुढच्या वेळी चित्र वेडेवाकडे येते. सर्वाधिक धोका अपडेट चालू असताना. ‘कॉम्प्युटर बंद करू नका’ ही ओळ दिसत असताना बटण दाबून धरणे म्हणजे हाताने बिघाड ओढवून घेणे.

अनेकदा गोष्ट उलटीही असते. ग्राफिक्स चिप तापलेली असते किंवा ड्रायव्हर आधीच अडखळत असतो. त्यामुळे स्क्रीन गोठते, कंटाळून बटण दाबून धरले जाते आणि नंतर दोष त्या बटणावर येतो. रागाने आपटलेल्या झाकणाचा हिशेब तर कोणी धरतच नाही. स्क्रीनकडे जाणारी बारीक केबल झाकणाच्या बिजागरीतून जाते, हे तिथे लक्षात ठेवावे.

आधी मोबाइलचा टॉर्च

शाहू महाराजांनी आखून वसवलेल्या जयसिंगपुरात पत्ता गल्लीच्या नंबरवरून सापडतो. बिघाडही तसाच, एकेक गल्ली ओलांडत शोधावा लागतो.

स्क्रीन पूर्ण काळी असेल, पण पंखा फिरतोय, दिवा लागलाय, तर खोलीत अंधार करून मोबाइलचा टॉर्च स्क्रीनवर तिरका धरावा. आत अंधुक चित्र दिसले, तर चित्र तयार होतेय, फक्त मागचा प्रकाश पेटलेला नाही. तेव्हा आधी ब्राइटनेसची बटणे दाबून पाहावीत. पुष्कळांची ‘गेलेली स्क्रीन’ एवढ्यावरच परत येते. त्याने फरक पडला नाही, तर दोष मागच्या दिव्यांचा किंवा केबलचा आहे.

अंधुक चित्रही नसेल तर विंडोजचे बटण आणि ‘पी’ एकत्र दाबावे. आधी कधी प्रोजेक्टर किंवा टीव्ही जोडला असेल, तर लॅपटॉप चित्र अजून ‘दुसऱ्या स्क्रीनवर’ पाठवत असतो. त्यानंतर विंडोज, कंट्रोल, शिफ्ट आणि ‘बी’ ही चार बटणे एकदम दाबावीत. त्याने ग्राफिक्स ड्रायव्हर नव्याने सुरू होतो. क्षणभर स्क्रीन मिटते, एक बारीक बीप येतो आणि गोंधळ तेवढाच असेल तर चित्र जागेवर येते. उघडलेल्या कामाला धक्का लागत नाही, म्हणून पुन्हा बटण दाबून धरण्याआधी हे करून पाहायलाच हवे.

तरी जाग नसेल तर चार्जर काढावा, पेनड्राइव्ह, माउस, सगळे सोडवावे. बॅटरी बाहेरून निघणारी असेल तर तीही काढावी आणि पॉवरचे बटण अर्धा मिनिट दाबून ठेवावे. सर्किटमध्ये साचलेला उरलासुरला चार्ज निघून जातो. मग फक्त चार्जर लावून सुरू करावे. दुकानात लॅपटॉप टेबलावर ठेवताच सहसा पहिला उपाय हाच होतो.

टीव्ही हा सगळ्यात स्वस्त तंत्रज्ञ

घरातल्या टीव्हीला एचडीएमआय केबल जोडणे ही सर्वात निर्णायक परीक्षा. टीव्हीवर चित्र स्वच्छ आणि लॅपटॉपवर रेघा, तर दोष पॅनेलचा किंवा बिजागरीतल्या केबलचा. झाकण हळूच मागेपुढे केल्यावर रेघा बदलत असतील तर संशय केबलवर, आणि केबल पॅनेलपेक्षा बरीच स्वस्त पडते. टीव्हीवरही तशाच रेघा आल्या तर स्क्रीन निर्दोष आहे. मग ड्रायव्हर किंवा ग्राफिक्स चिप. शिवाय टीव्हीवर चित्र आले की पेनड्राइव्ह लावून महत्त्वाच्या फाइल आधी काढून घेता येतात. हे काम दुरुस्तीच्याही आधीचे.

घरी टीव्ही नसेल तर लॅपटॉप सुरू होताना कंपनीनुसार एफ २, एफ १० किंवा डिलीट दाबून बायोसचा पडदा उघडावा. तिथे विंडोज नसते, विंडोजचा ड्रायव्हरही नसतो. तिथेही रेघा दिसल्या तर दोष यंत्राचा. तिथे चित्र स्वच्छ आणि विंडोज उघडल्यावरच गोंधळ, तर पैसे खिशातच ठेवावेत. डेलच्या अनेक लॅपटॉपवर ‘डी’ दाबून धरून पॉवर सुरू केले की स्क्रीन स्वतःची तपासणी करते. एकामागून एक भरीव रंग दिसतात, त्यात डाग किंवा रेघ लगेच कळते.

चित्र थरथरत असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडावा. इतर सगळे थरथरतेय पण टास्क मॅनेजर स्थिर आहे, तर बहुधा एखादे अॅप खोडी करतेय. तोही थरथरतोय, तर ड्रायव्हर.

शट डाऊन नव्हे, रिस्टार्ट

विंडोज ८ पासून ‘फास्ट स्टार्टअप’ नावाची सोय आली. तिच्यामुळे नेहमीचे शट डाऊन पूर्ण नसते. विंडोजचा गाभा आणि ड्रायव्हर यांची अवस्था डिस्कवर जपून ठेवली जाते आणि पुढच्या वेळी तीच परत उचलली जाते. ड्रायव्हर बिघडलेल्या अवस्थेत असेल तर तो बिघाडही जपला जातो. म्हणून ‘चार वेळा बंद-चालू केले तरी तेच’ ही तक्रार खरी असते. रिस्टार्टमध्ये मात्र सगळे कोरे सुरू होते. म्हणून गोंधळ झाल्यावर रिस्टार्टच निवडावे.

तेवढ्याने भागले नाही तर सेफ मोड. लॉगिनच्या पडद्यावर शिफ्ट दाबून धरून रिस्टार्ट निवडले की दुरुस्तीचा निळा मेनू येतो. त्यात ट्रबलशूट, अॅडव्हान्स्ड ऑप्शन्स, स्टार्टअप सेटिंग्ज असे जात पुन्हा रिस्टार्ट करून ४ दाबायचे. सुरू होता होता लागोपाठ अडखळला तरी विंडोज हा मेनू आपणहून दाखवते. सेफ मोडमध्ये साधा, कामचलाऊ ड्रायव्हर वापरला जातो. अक्षरे मोठी आणि बेढब दिसतील, पण चित्र स्थिर असेल तर गुन्हेगार सापडला. डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘डिस्प्ले अॅडॅप्टर्स’खाली जाऊन ‘रोल बॅक ड्रायव्हर’ निवडावे. ते फिके दिसत असेल तर ड्रायव्हर काढून लॅपटॉप कंपनीच्याच संकेतस्थळावरून नवा घ्यावा. ‘ड्रायव्हर अपडेटर’ म्हणून मिळणारी फुकट अॅप टाळलेली बरी.

४८ आकड्यांचे कुलूप

दुरुस्तीच्या मेनूत शिरताना अनेकांची गाडी एका ठिकाणी अडते. लॅपटॉप ‘बिटलॉकर’ची ४८ आकडी रिकव्हरी की मागतो. अनेक नव्या लॅपटॉपमध्ये डिस्क आपोआप कुलूपबंद झालेली असते आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीच्या चुकीच्या अपडेटमुळे जगभरातले, मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार, ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ते संगणक सुरू करायचे तर सेफ मोडमध्ये जाऊन एक फाइल काढायची होती, काम काही मिनिटांचे. पण कुलूपबंद संगणकांवर आधी ही किल्ली शोधावी लागली आणि मोठमोठ्या कार्यालयांची दमछाक झाली.

घरच्या लॅपटॉपची किल्ली बहुधा त्याच मायक्रोसॉफ्ट खात्यात असते, ज्याने तो पहिल्यांदा सुरू केला. मोबाइलच्या ब्राउझरमधून त्या खात्यात शिरून ती पाहता येते. मात्र लॅपटॉप घेताना दुकानातल्या कोणी भलत्याच ईमेलने खाते उघडून दिले असेल, तर किल्लीही तिकडेच. हे आज, लॅपटॉप धड असतानाच तपासून किल्ली कागदावर उतरवून ठेवावी.

मूळ दुखणे बॅटरीचे

लॅपटॉप किती वेळा अवेळी बंद पडला, हे तो स्वतः लिहून ठेवतो. सर्चमध्ये ‘रिलायबिलिटी’ टाइप केले की दिवसवार आलेख उघडतो, त्यात अशी प्रत्येक घटना लाल खुणेने दिसते. दर आठवड्याला दोन-चार खुणा असतील तर ड्रायव्हर कितीदाही घाला, दुखणे परतणार. आधी बॅटरी बदलावी. इन्व्हर्टर असेल तर त्यावर ‘यूपीएस मोड’चे बटण आहे का पाहावे, त्याने वीज बदलताना मधली खंड पडण्याची वेळ कमी होते. आणि स्क्रीन गोठली तर लगेच बटणाकडे जाऊ नये. दोन-चार मिनिटे थांबावे, मग कंट्रोल, ऑल्ट, डिलीट दाबून खालच्या कोपऱ्यातल्या पॉवरच्या चिन्हावरून रिस्टार्ट करावे.

दुकानात जायचेच झाले तर ‘स्क्रीन गेली’ एवढेच सांगू नये. ‘टीव्हीवर चित्र चांगले येते, बायोसमध्ये रेघा दिसतात, झाकण हलवले की बदलतात’ असे सांगावे. पॅनेल बदललेच तर जुने परत मागून घ्यावे.

दोन वेळा मात्र बटण दाबून धरणेच योग्य असते. एक, बॅटरी फुगून टचपॅड वर उचलला गेला किंवा जळका वास आला तर. दोन, चहा सांडला किंवा पावसाचे पाणी आत गेले तर. अशा वेळी चार्जर सुरक्षितपणे सॉकेटमधून काढावा, लॅपटॉप बंद करावा आणि फुगलेल्या बॅटरीला दाबू किंवा टोचू नये. भिजलेला लॅपटॉप तांदळाच्या डब्यात ठेवून उपयोग नसतो. तो उलटा करून निथळू द्यावा, तसाच दुकानात न्यावा आणि ‘चालू होतो का बघू’ म्हणून मधेच बटण दाबू नये.