आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी!

जुन्या गाडीचा मालक आणि जुन्या दम्याचा रोगी यांना एक गोष्ट मुबलक मिळते, ती म्हणजे फुकटचा सल्ला! गाडी रस्त्यात बंद पडली की एक म्हणतो, "कॉइल गेली", दुसरा म्हणतो, "छे, पंपच!" मालक बिचारा दोन्ही बदलतो आणि आठवड्याने गाडी पुन्हा त्याच वळणावर मुक्काम ठोकते.

उदाहरणाला आपली फियाटच घेऊ. १९६४ साली कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यातून 'डिलाइट' म्हणून निघालेली ही गाडी पुढे 'पद्मिनी' झाली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून तिची काळी-पिवळी टॅक्सी निवृत्त झाली. पण 'आजोबांची गाडी' म्हणून ती आजही काही घरांत जपली जाते. १०८९ सी. सी.चे तिचे इंजिन तसे साधे. ते चालायला वेळच्या वेळी ठिणगी हवी, आणि हवेत योग्य प्रमाणात मिसळलेले पेट्रोल हवे.

आता बोरघाट चढताना ही गाडी बंद पडली असे समजा. एसी पंपात पेट्रोलची वाफ झाली, असे निदान तात्काळ होते. पंपावर ओले फडके ठेवले जाते, मंडळी चहा घेतात, आणि अर्ध्या तासाने गाडी सुरू! सारे श्रेय फडक्याला.

पण वाचकहो, दुसरा एक रोगही हुबेहूब असाच वागतो. डेल्कोतला बोटाच्या पेराएवढा कंडेन्सर अधू झाला, की तापल्यावर दगा देतो आणि गार झाल्यावर साळसूद बनतो. पॉइंट उघडताना तिथे ठिणगी उडू नये, ही त्याची जबाबदारी. ती त्याने टाळली की पॉइंट जळतात आणि प्लगची ठिणगी दुबळी होते. अर्ध्या तासात पंप गार होतो, तसा कंडेन्सरही. मग पंप बदलून काय उपयोग?

म्हणून परीक्षा घ्यायची ती गाडी बंद पडल्याबरोबर. एक प्लग काढून वायरीला जोडावा, रबरी मुठीच्या पकडीने धरून इंजिनाच्या धातूला टेकवावा आणि कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगावे. आसपास पेट्रोल सांडलेले नसावे आणि मुले दूर असावीत, हे आधी पाहावे. निळी, कडकडीत ठिणगी आली तर संशय पेट्रोलवर. पिवळट, मरतुकडी आली किंवा आलीच नाही, तर डेल्को, पॉइंट, कंडेन्सर आणि कॉइल तपासावी.

निदान झाले, तरी अर्धीच लढाई जिंकली. मुंबईत ऑपेरा हाउसला किंवा पुण्यात नाना पेठेत जावे, तर एकाच पार्टचे तीन भाव ऐकू येतात. वरून तिघेही जुळे भाऊ! हलक्या पॉइंटची कॅमवर घासणारी टाच लवकर झिजते, फट कमी होते, टायमिंग मागे पडते आणि गाडी चढाला धापा टाकू लागते. दोष मात्र कार्बोरेटरला!

रबराचे तर विचारूच नका. २०२५ साली देशातील पेट्रोलात इथेनॉलचे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. जुन्या जातीचे रबर इथेनॉलने फुगते, मऊ पडते किंवा तडकते. म्हणून पंपाचा पडदा आणि पेट्रोलची नळी घेताना 'इथेनॉलला टिकेल का?' हे दुकानदाराला स्पष्ट विचारावे. वर्षानुवर्षे कपाटात पडून राहिलेला 'ओरिजिनल' पडदा या कामी बिनभरवशाचा. शिवाय पेट्रोलची नळी तापलेल्या इंजिनाजवळून जाते. तिथे गळती झाली, तर प्रश्न पैशांचा न राहता घरच्या माणसांच्या जिवाचा होतो.

तेव्हा चार नियम पाळावेत. एका वेळी एकच पार्ट बदलावा, म्हणजे गुण कशाने आला ते कळते. नवा पार्ट जुन्याशेजारी ठेवून मापे ताडावीत. काढलेला पार्ट चालता असेल तर डिकीत जपून ठेवावा. अडचणीच्या वेळी तो नव्या फसव्यापेक्षा उपयोगी पडतो. आणि पार्ट बदलूनही रोग हटला नाही, तर नव्या पार्टलाही संशयितांच्या रांगेत उभे करावे. तो कालच डबीतून निघाला, एवढ्यावरून त्याला निर्दोष सोडू नये!