मुका संगणक बोलू लागतो!

संगणक सुरू केला, गाणं लावलं, पडद्यावरची रेघ पुढे सरकतेय... पण आवाजच नाही! असं तुमच्या घरी झालंय का कधी? मग एकच गडबड उडते. दादा म्हणतो, "स्पीकर गेला वाटतं!" काका म्हणतात, "छे, मदरबोर्डच उडाला असेल!" आणि बाबा संगणकाची पेटी स्कूटरवर ठेवून दुकानाकडे निघतात.

थोडं थांबा! आधी आपण स्वतः शोध घेऊ या. पण त्याआधी एक मजेदार गोष्ट ऐका.

वर्ध्यापासून ८ किलोमीटरवर सेवाग्राम आहे. शाळेच्या सहलीबरोबर तुमच्यापैकी कितीतरी जण तिथली बापू कुटी पाहून आले असतील. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. त्याआधी, १९२९ मध्ये, अखिल भारत चरखा संघाने एक बक्षीस जाहीर केलं होतं. उत्तम चरखा तयार करणाऱ्याला चक्क एक लाख रुपये! अटी मात्र कडक होत्या. चरखा खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता आला पाहिजे, किंमत १५० रुपयांच्या आत हवी आणि दुरुस्ती सोपी हवी. बक्षीस शेवटी कुणालाच मिळालं नाही. पण त्या अटींमागचा विचार फार मोलाचा आहे. जे यंत्र आपण वापरतो, त्याचं दुखणं आपल्याला कळलं पाहिजे. पुढे १९३७ मध्ये वर्ध्याच्या शिक्षण परिषदेतून 'नई तालीम' पुढे आली. तिचं सांगणंही हेच होतं, की हाताने काम करत शिका आणि करताना 'का?' विचारा.

चला तर, संगणकाच्या आवाजालाही आपण 'का?' विचारू.

आवाज येतो कुठून?

१९८१ साली आयबीएमचा पीसी आला, तेव्हा त्यात एक छोटासा स्पीकर होता. तो 'टुंऽऽ' असा सूर काढायचा, बस्स! मग वेगळी 'साउंड कार्डं' आली. सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचं 'साउंड ब्लास्टर' १९८९ मध्ये बाजारात आलं आणि संगणक गाऊ लागला. नंतर इंटेल कंपनीने १९९७ मध्ये 'एसी ९७' आणि २००४ मध्ये 'एचडी ऑडिओ' अशा पद्धती आखल्या. आवाजाचं काम मदरबोर्डवरच बसवलेली एक चिप करू लागली. हाच तो 'ऑनबोर्ड' आवाज. या चिपला 'कोडेक' म्हणतात. कधी पेटी उघडलेली दिसली तर नीट पाहा. अनेक बोर्डांवर नखाएवढी एक चिप असते आणि तिच्यावर चक्क खेकड्याचं चित्र असतं! ती तैवानच्या रिअलटेक कंपनीची खूण बरं का.

ही चिप दुभाष्याचं काम करते. संगणकाला फक्त आकडे कळतात आणि आपल्या कानाला हवेतली कंपनं कळतात. तुम्ही माइकसमोर बोललात, की चिप तुमचा आवाज सेकंदाला ४८,००० वेळा मोजते आणि प्रत्येक मापाचा एक आकडा लिहून ठेवते. ऐकताना त्याच आकड्यांपासून ती पुन्हा विजेच्या लहरी बनवते आणि स्पीकर त्या हवेत सोडतो. म्हणजे दुभाषा गप्प बसला की संगणक मुका!

शोध घेऊ या, पायरीपायरीने

एक वही घ्या. एका वेळी एकच बदल करायचा, लिहून ठेवायचा आणि लगेच आवाज तपासायचा. एकदम चार गोष्टी बदलल्या, तर खरा चोर कोण ते कळणारच नाही.

१. स्पीकर तपासा. त्याला वीज मिळतेय का? आवाजाचं बटण शून्यावर तर नाही ना? हेडफोन असेल तर तो लावून पाहा. हेडफोनमध्ये आवाज आला, तर दोष स्पीकरचा.

२. भोकांचे रंग पाहा. पेटीच्या मागे रंगीत भोकं असतात. हिरवं स्पीकरचं, गुलाबी माइकचं आणि निळं टेपरेकॉर्डरसारख्या यंत्रातून आवाज आत घेण्याचं. हिरव्याची पिन गुलाबीत बसली की झालाच घोटाळा! काही बोर्डांवर सगळी भोकं काळी असतात, मग शेजारच्या खुणा वाचा. मागचं भोक चालतं आणि पुढचं चालत नाही, असं असेल तर पेटीच्या आतली 'एचडी ऑडिओ' लिहिलेली वायर सुटलेली असू शकते. ती मोठ्यांनीच लावायची आणि तीसुद्धा विजेची पिन काढून.

३. आवाज चुकीच्या दारी तर जात नाही ना? एचडीएमआय वायरीने मॉनिटर जोडला, की संगणक आवाज त्या मॉनिटरकडे पाठवू शकतो. मॉनिटरला स्पीकरच नसेल तर ऐकू कुठून येणार? विंडोजमध्ये खाली उजवीकडच्या कर्ण्याच्या चित्रातून योग्य स्पीकर निवडा. लिनक्स असेल तर टर्मिनलमध्ये 'अल्सामिक्सर' उघडा. एखाद्या पट्टीखाली इंग्रजी 'एमएम' दिसलं, तर तिचं तोंड बंद आहे असं समजा. बाणाने त्या पट्टीवर जाऊन 'एम'ची कळ दाबा, की ती उघडते.

४. ड्रायव्हर पाहा. विंडोजला या चिपशी बोलायला 'ड्रायव्हर' नावाचा प्रोग्राम लागतो. 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. आवाजाच्या नावापुढे पिवळी खूण असेल, तर ड्रायव्हर बिघडला आहे किंवा नाहीच. मदरबोर्डचं नाव बोर्डवरच छापलेलं असतं. त्याच कंपनीच्या साइटवरून ड्रायव्हर घ्या, भलत्या ठिकाणाहून नको.

५. यादीत चिपचं नावच नाही? मग ती बायोसमध्ये बंद असेल. संगणक सुरू होताना 'डिलीट' किंवा 'एफ-२' दाबायचं, 'एचडी ऑडिओ'ची ओळ शोधायची आणि 'डिसेबल्ड'चं 'एनेबल्ड' करायचं. हे करताना आई किंवा बाबा शेजारी हवेत. बायोसमधल्या बाकी कशालाही हात लावायचा नाही!

आई-बाबांनो, एक गोष्ट तुमच्यासाठी. एवढं करूनही आवाज आला नाही आणि चिप खरोखरच गेली असली, तरी त्यासाठी अख्खा मदरबोर्ड बदलायची गरज नसते. यूएसबीत लावायचं छोटं साउंड कार्ड काही शे रुपयांत मिळतं.

आता आजीला बोलवा!

आवाज आला? शाब्बास! पण गाणी ऐकून थांबू नका. त्या गुलाबी भोकात खरा खजिना आहे.

आपल्या विदर्भात पोळ्याला झडत्या म्हणतात, भुलाबाईची गाणी गातात. तुमच्या आजीला त्यातल्या किती येतात, विचारलंय कधी? पुण्याच्या हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे गी पॉयट्व्हॅं यांनी सहकाऱ्यांबरोबर गावोगाव फिरून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. पुष्कळ ओव्यांचं ध्वनिमुद्रणही झालं. जाती थांबली, पिठाच्या गिरण्या आल्या, पण त्या बायांचा आवाज आजही ऐकता येतो. ओवी कागदावर लिहिता येते हो, पण आजीचा हेल कसा लिहिणार?

माइक लावा. पंखा बंद करा. 'ऑडॅसिटी' हा फुकट मिळणारा प्रोग्राम उघडा आणि आजीला आधी दोन ओळी म्हणायला सांगा. पट्टी लाल झाली तर माइकचा जोर कमी करा, नाहीतर आवाज फाटतो. फारच बारीक आला तर 'माइक बूस्ट' एकच पायरी वाढवा.

एका मिनिटाला जागा किती लागेल? गणित करा! सेकंदाला ४८,००० मापं, प्रत्येक मापाला २ बाइट, मिनिटाचे ६० सेकंद. उत्तर ५७,६०,००० बाइट, म्हणजे साधारण पावणेसहा एमबी. तासाभराच्या गाण्यांना साडेतीनशे एमबीसुद्धा पुरतात. साध्या पेनड्राइव्हवर मावेल की नाही?

फाइलला आजीचं नाव, गावाचं नाव आणि तारीख द्या. एक प्रत संगणकावर, दुसरी पेनड्राइव्हवर ठेवा. आणि या रविवारीच करा बरं का. संगणक बिघडला तर दुरुस्त होतो, नवाही आणता येतो. आजीच्या गळ्यातली झडती मात्र तिने म्हटली तरच मिळते.