वाचनालयाचे कपाट मोबाइलवर आणायचे, तर कळंबच्या ग्रंथपालाने आधी काय शिकावे?

कर्जत तालुक्यातील कळंब किंवा त्याच्या आसपासच्या गावांतला तरुण कामाला जातो तो बहुधा नेरळ किंवा कर्जत स्टेशन गाठून, लोकलने बदलापूर, उल्हासनगर, कल्याण आणि त्याही पुढे. पहाटे निघालेला माणूस रात्री घरी येतो तेव्हा गावातले वाचनालय बंद झालेले असते. शिकणाऱ्या मुली दिवसभर कॉलेजात. म्हणजे ज्या वयात वाचायचे त्या वयाचा वाचक आणि वाचनालयाची वेळ यांची गाठच पडत नाही. पण या सगळ्यांच्या हातात मोबाइल आहे. गावच्या वाचनालयात किंवा विहारातल्या ग्रंथालयात बसणाऱ्या कर्मचाऱ्याने समाजमाध्यमे आणि इंटरनेटवरची साधने शिकून घ्यावीत असे आपण म्हणतो, ते यासाठी. काळाबरोबर चालण्याची हौस म्हणून नव्हे.

प्रश्न असा की शिकायचे काय? बहुतेक ठिकाणी उत्तर ठरलेले असते: फेसबुक पेज काढा. पेज निघते, त्यावर जयंतीचे बॅनर, मान्यवरांचे स्वागत, हारतुरे, फोटो. एप्रिलमध्ये जागे होणारे आणि ६ डिसेंबरनंतर झोपी जाणारे असे पेज आपल्यापैकी प्रत्येकाने पाहिले आहे. त्यातून वाचनालयात एखादे पुस्तक आहे की नाही, हे मात्र कोणालाच कळत नाही. आपल्या मते कर्मचाऱ्याने फोटो टाकायला शिकण्याआधी यादी करायला शिकावे.

यादी म्हणजे दाखल रजिस्टरच, फक्त मोबाइलवर. गुगल शीट्स हे मोफत साधन त्यासाठी पुरे आहे. दाखल क्रमांक, लेखक, पुस्तकाचे नाव, प्रकाशक, वर्ष, कपाट क्रमांक आणि ‘आत आहे की बाहेर’ असे सात रकाने करायचे. रोज वीस पुस्तके नोंदली तर हजार पुस्तकांचे काम पन्नास दिवसांत होते. पूर्ण झालेली यादी ‘फक्त पाहण्यासाठी’ अशी खुली करून तिचा दुवा सभासदांना पाठवला की लोकलमध्ये बसलेला मुलगा हवे ते पुस्तक शोधू शकतो आणि रविवारी येऊन घेऊन जाऊ शकतो. वाचकाचा वेळ वाचवणे हे ग्रंथालयाचे कर्तव्य, असे एस. आर. रंगनाथन यांनी १९३१ मध्ये आपल्या पाच सूत्रांत मांडले होते. ही यादी नेमके तेच करते.

यात दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. पहिली, टायपिंग युनिकोडमध्येच हवे. आपल्याकडच्या जुन्या स्मरणिका, पत्रके आणि अहवाल डीटीपीवाल्याकडे श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये झाले. तो मजकूर दुसऱ्या यंत्रावर उघडला तर भलतीच अक्षरे दिसतात आणि शोधूनही सापडत नाही. मोबाइलचा मराठी कळफलक युनिकोडच असतो. बोलून टाइप करण्याची सोयही मराठीत आहे, ज्यांचा हात टायपिंगला बसलेला नाही त्यांनी ती जरूर वापरावी. दुसरी गोष्ट नावांची. एका ठिकाणी ‘डॉ. आंबेडकर’, दुसरीकडे ‘बाबासाहेब आंबेडकर’, तिसरीकडे ‘बी. आर. आंबेडकर’ असे लिहिले की शोधणाऱ्याला एक तृतीयांश पुस्तकेच दिसतात. आडनाव आधी, नाव नंतर, आणि एका लेखकाचे एकच रूप. हा नियम ग्रंथपालाला नवा नाही, तो फक्त मोबाइलवरही पाळायचा आहे.

पुढे संग्रह वाढला तर ‘कोहा’ हे मोफत ग्रंथालय सॉफ्टवेअर आहे, किंवा राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राचे ‘ई-ग्रंथालय’. कोहा २००० साली न्यूझीलंडमधल्या एका छोट्या सार्वजनिक ग्रंथालय संस्थेसाठी तयार झाले. तिथल्या माओरी भाषेत कोहा म्हणजे भेट, दान. दान पारमिता मानणाऱ्या समाजाला हे नाव आवडावे. पण हजार पुस्तकांच्या वाचनालयाने त्यात घाईने शिरण्याची गरज नाही. शीटमधली नीट केलेली यादी नंतर तिथे नेता येते.

यादी झाली की ती पोचवायची कशी? व्हॉट्सअॅप ग्रुप सगळ्यांना ठाऊक आहे, पण ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. सभासदांत तरुण मुली असतील तर ही बाब लहान नाही. व्हॉट्सअॅप चॅनेलवर सभासदांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत आणि सुप्रभातचे फुलांचे फोटोही कोणी टाकू शकत नाही. म्हणून नवी पुस्तके, वेळेतले बदल, कार्यक्रम यांसाठी चॅनेल बरे. चर्चा हवी असेल तर छोटा ग्रुप वेगळा ठेवावा. कोणी कोणते पुस्तक नेले, कोणाकडे थकले, हे मात्र कुठल्याही ग्रुपवर टाकू नये. देवघेवीचे रजिस्टर हा वाचक आणि ग्रंथपाल यांच्यातला मामला आहे.

समाजमाध्यमांवर आपल्या समाजाची सर्वात मोठी अडचण आहे ती अवतरणांची. बाबासाहेबांच्या किंवा बुद्धांच्या फोटोखाली कोणतेही वाक्य छापून फिरवले जाते. संदर्भ नाही, खंड नाही, पान नाही. वाक्य चांगले वाटले की आपणही पुढे ढकलतो. विरोधक त्यातलेच एखादे खोटे वाक्य पकडून सगळी चळवळ खोटी ठरवतात. या बाबतीत गावचा ग्रंथपाल जे करू शकतो ते कोणत्याही मोठ्या पेजला जमत नाही. त्याच्या कपाटात खंड आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडरूपाने प्रसिद्ध केली. वसंत मून यांनी त्यासाठी आयुष्य वेचले. इंग्रजी खंड परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पीडीएफ रूपात उपलब्ध आहेत. मराठी भाषणे अठराव्या खंडाच्या तीन भागांत आहेत.

वाक्य तपासायचे ते असे. वाक्यातला एखादा नेमका, सहसा न येणारा शब्द निवडून इंग्रजी पीडीएफमध्ये शोधायचा. मराठी वाक्य मूळ इंग्रजीचा अनुवाद असू शकते, म्हणून इंग्रजीतले दोन-तीन संभाव्य शब्द घेऊन पाहायचे. स्कॅन केलेल्या पानांत शोध कधी कधी चुकतो, तेव्हा खंडाच्या शेवटची सूची उघडायची. सापडले तर पानाचा फोटो, खंड आणि पान क्रमांक चॅनेलवर टाकायचा. सापडले नाही तर ‘अमुक खंडांत शोधले, आढळले नाही’ एवढेच लिहायचे, ‘खोटे आहे’ असे नव्हे. कारण ‘जनता’ आणि ‘प्रबुद्ध भारत’च्या जुन्या अंकांपर्यंत आपला हात पोचलेला नसतो. आठवड्याला असे एकच वाक्य तपासले तरी वर्षाला बावन्न होतात. गावातल्या बारावीच्या मुलांना या कामात घेतले तर त्यांना खंड हाताळण्याची सवय लागेल, आणि वक्तृत्व स्पर्धेची भाषणेही सुधारतील!

स्कॅनिंगबद्दल मात्र सावध राहावे. कर्जत-खालापूरचा पाऊस आणि कपाटातली कसर यांनी किती जुनी पुस्तिका खाल्ल्या याचा हिशेब नाही. बाबासाहेबांनी स्वतः हे दुःख सोसले आहे: १९१७ मध्ये परदेशातून येणारी त्यांची पुस्तके ज्या जहाजावर होती ते पाणतीराने बुडाले. एकच प्रत असणे म्हणजे प्रत नसल्यासारखेच. कॉपीराइट कायद्याचे कलम ५२ विनानफा सार्वजनिक ग्रंथालयाला आपल्याकडच्या छापील पुस्तकाची जतनासाठी डिजिटल प्रत ठेवू देते. पण ठेवणे वेगळे आणि इंटरनेटवर सगळ्यांना वाटणे वेगळे.

वाटण्याचा नियम असा: भारतात लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षे हक्क चालतो. बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण १९५६ चे, म्हणून त्यांच्या हयातीत छापलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून सर्वांसाठी खुले झाले. ‘द बुद्ध अँड हिज धम्म’ १९५७ मध्ये, म्हणजे त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. तिथे साठ वर्षे प्रकाशनापासून मोजतात, म्हणून तो ग्रंथ १ जानेवारी २०१८ पासून खुला. पण वर्षावासात विहारांतून वाचला जातो तो मराठी अनुवाद. तो घनश्याम तळवटकर, म. भि. चिटणीस आणि शां. शं. रेगे यांचा, आणि अनुवादाचा हक्क वेगळा असतो. (यातले रेगे हे सिद्धार्थ महाविद्यालयाचे ग्रंथपाल. ग्रंथालयात बसणारा माणूस धम्मासाठी काय करू शकतो, याचे एवढे उदाहरण पुरे.) अण्णा भाऊ साठे १९६९ मध्ये गेले, त्यांचे साहित्य २०३० च्या सुरुवातीला खुले होईल. वामनदादा कर्डक २००४ मध्ये गेले, त्यांच्या गीतांना अजून बराच काळ आहे. ‘आपलेच आहे’ म्हणून अख्खे पुस्तक ग्रुपवर टाकले की नुकसान होते ते लेखकाच्या वारसांचे आणि आपल्याच छोट्या प्रकाशकांचे, जे दीक्षाभूमीवर आणि चैत्यभूमीवर स्टॉल लावून तग धरून आहेत.

कळंबच्या ग्रंथपालाला आणखी एक काम आहे, जे मुंबई-पुण्यात बसून होणार नाही. कर्जत तालुक्यात कोंढाणे आणि आंबिवली ही बौद्ध लेणी आहेत. राजमाचीच्या पायथ्याचे कोंढाण्याचे चैत्यगृह इसवी सनापूर्वीचे मानतात. तिथे ब्राह्मी लिपीतला एक छोटा शिलालेख आहे: कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, असा त्याचा आशय. दोन हजार वर्षांपूर्वीच्या शिष्याने गुरूचे नाव आधी आणि आपले नंतर कोरले. आज तिथे जाणारे बहुतेक जण पावसाळी सहलीचे, धबधब्याखाली रील काढणारे. त्यांच्या चित्रफितीत लेणी असतात, पण ती कोणाची हे नसते. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना शिलालेखांत तिरण्हु हे नाव असूनही सगळे ‘पांडवलेणी’ म्हणतात. लेण्यांचे नाव गेले की त्यांचा धर्मही विस्मरणात जातो, आणि आता नाव ठरते ते गुगल मॅप्सवर.

ही साधने सर्वांना खुली आहेत. गुगल मॅप्सवर चुकीच्या नावाला दुरुस्ती सुचवता येते. मराठी विकिपीडियावर लेख लिहिता किंवा सुधारता येतो, आणि स्वतः काढलेले छायाचित्र विकिमीडिया कॉमन्सवर मुक्त परवान्याने देता येते. मात्र विकिपीडिया भावनेवर चालत नाही, तिथे छापील संदर्भ लागतो. इथे पुन्हा ग्रंथपालच उपयोगी पडतो. कोंढाण्याची जुनी माहिती हवी असेल तर कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर शोधणारा रिकाम्या हाताने परततो, कारण ते निघाले तेव्हा कर्जत ठाणे जिल्ह्यात होते. माहिती आहे ती १८८२ च्या ठाणे गॅझेटियरच्या चौदाव्या खंडात, स्थळांच्या वर्णनात. दुसरा आधार फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरचा १८८० चा ग्रंथ. दोन्ही इतके जुने आहेत की ते इंटरनेटवर मोफत मिळतात. संदर्भ हातात असला की दुरुस्ती टिकते. नुसत्या आग्रहाने केलेली दुरुस्ती दुसऱ्या दिवशी कोणीतरी पुसतो, मग भांडण सुरू होते आणि लेख तसाच राहतो.

हे सगळे शिकवणार कोण, असा प्रश्न उरतो. लहान ग्रंथालयात बहुधा एकच कर्मचारी असतो, मानधन तुटपुंजे, आणि फोनचा रिचार्जही स्वतःच्या खिशातून. १९६७ च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने महाराष्ट्रात ग्रंथालये गावोगाव गेली, पण त्यांत बसणाऱ्या माणसाची वेतनाची मागणी वर्षानुवर्षे लोंबकळत आहे. त्याच्यावर आणखी एक फुकटचे काम लादून समित्यांनी स्वतःची पाठ थोपटून घेऊ नये. नेटचा खर्च संस्थेने द्यावा, आठवड्यातले ठरावीक तास या कामासाठी राखून द्यावेत, आणि गावातल्या कॉलेजच्या मुलामुलींपैकी दोघांना सोबत द्यावे. मुले साधन शिकवतील, ग्रंथपाल त्यांना संदर्भ शोधायला शिकवेल.

आणि खाते संस्थेच्या नावाने काढावे, कोणाच्या खासगी मेलवर नव्हे. कार्यकर्ता नोकरीसाठी गाव सोडतो किंवा समितीत वाद होतो, आणि पेजची किल्ली त्याच्याबरोबर जाते. मग त्याच नावाचे दुसरे पेज निघते आणि जुने तसेच पडून राहते. पासवर्ड दोघांकडे असावा, दुहेरी पडताळणी सुरू ठेवावी, आणि पडताळणीचे राखीव संकेतांक कागदावर लिहून दाखल रजिस्टर असते त्याच कुलपाच्या कपाटात ठेवावेत. वर्षावासाच्या दिवसांत वीज गेली, रेंज गेली, तरी कागद तिथेच असतो. यादीची छापील प्रतही दर सहा महिन्यांनी काढून त्याच्या शेजारी ठेवावी. मोबाइल नसलेल्या आजीलाही पुस्तक शोधायचे असते.