हातगाडीची पत आणि पडद्यावरची कीर्ती

वाशिम जिल्ह्यातील मानोरा हे तालुक्याचे छोटे ठिकाण. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा होऊन वाशिम जिल्हा अस्तित्वात आला. त्याच्या सहा तालुक्यांपैकी मानोरा हा एक. गावाला रेल्वे नाही. तहसील कचेरी, एसटी स्थानक, शाळा आणि बाजार यांच्या आधाराने येथील दिवसभराची वर्दळ चालते. अशा गावात नाश्त्याची हातगाडी लावणाऱ्याचा धंदा आजवर गाडीसमोरून जाणाऱ्या माणसांवर अवलंबून असे. आता त्याच्या हाती फोन आला आहे आणि गाडीसमोर न आलेल्या माणसापर्यंतही त्याला पोहोचता येते. प्रश्न एवढाच, की पोहोचलेला माणूस गिऱ्हाईक होतो का?

व्यापारी घरांना हा प्रश्न परका नाही. गाडीवरचे बेसन, तेल आणि मसाला किराणा दुकानातूनच जातो. गाडी चालली तर दुकानाची उधारी वेळेवर वसूल होते. गाडी बसली तर खातेवहीतले एक पान अडकते.

फोन नव्हते तेव्हाही लहान खाद्यधंद्यांची कीर्ती पसरत होतीच. शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील शेगावची कचोरी रेल्वेच्या प्रवाशांनी दूरदूर नेली. गाडी थांबे, कचोरीचा पुडा खिडकीतून आत जाई आणि पुढच्या स्थानकावर उतरणारा प्रवासी तिची चव घरी सांगे. त्या कीर्तीला वेळ लागला. परंतु ती चव घेतलेल्या माणसाच्या तोंडून पसरली. आजची पडद्यावरची कीर्ती एका रात्रीत पसरते आणि ती पसरवणाऱ्यांपैकी बहुतेकांनी पदार्थ चाखलेलाही नसतो. भेद आहे तो येथे.

विदर्भातील याचे सर्वांत ठळक उदाहरण नागपूरचे. सदर भागात जुन्या व्हीसीए मैदानाजवळ चहाची टपरी लावणारा सुनील पाटील ‘डॉली चायवाला’ या नावाने ओळखला जातो. रंगीत पोशाख, गॉगल आणि उंचावरून दुधाची धार सोडण्याची लकब यांमुळे त्याच्या चित्रफिती आधीपासून फिरत होत्या. फेब्रुवारी २०२४ च्या अखेरीस बिल गेट्स यांनी त्याच्या हातचा चहा घेतानाची चित्रफीत प्रसिद्ध केली आणि तो देशभर परिचित झाला. समोरचा पाहुणा कोण, हे आपल्याला ठाऊकच नव्हते, असे त्याने नंतर सांगितले. २०२५ मध्ये त्याने ‘डॉली की टपरी’ या नावाने शाखा देण्याची योजना जाहीर केली. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. लोकांनी विकत घेतली ती त्याची लकब. तिचे चाहते देशभर मिळू शकतात म्हणून हे जमले. वडा किंवा पोहे विकणाऱ्याला तसे चाहते सहसा मिळत नाहीत. त्याला रोज भूक लागणारी माणसे हवी असतात.

दुसरे उदाहरण दिल्लीचे. ऑक्टोबर २०२० मध्ये मालवीय नगरातील ‘बाबा का ढाबा’ या छोट्या खानावळीच्या वृद्ध मालकाचे अश्रू एका चित्रफितीतून देशाने पाहिले. दुसऱ्याच दिवशी रांगा लागल्या, मदतीचा ओघ सुरू झाला. डिसेंबरमध्ये त्यांनी मोठे उपाहारगृह उघडले. भाडे, आचारी, नोकर हा खर्च महिन्याला सुमारे १ लाख रुपये आणि विक्री मात्र ४० हजारांवर गेली नाही, असा हिशेब वृत्तपत्रांत आला. २०२१ मध्ये उपाहारगृह बंद झाले आणि मालक जुन्या जागी परतले. सहानुभूतीने आलेली गर्दी पहिल्यांदा येते. दुसऱ्यांदा येण्याचे कारण तिला पदार्थाने द्यावे लागते. गर्दीच्या पहिल्या महिन्यावर पुढच्या वर्षाचा खर्च बेतणे ही चूक मोठमोठ्या पेढ्यांच्या हातूनही होते.

मानोऱ्याच्या गाडीचे गणित याहून साधे आहे. समजा, २०० नियमित गिऱ्हाईक आहेत, प्रत्येक जण आठवड्यातून दोनदा येतो आणि ३० रुपयांची प्लेट घेतो. आठवड्याची विक्री १२,००० रुपये झाली. पुण्यामुंबईत एखादी चित्रफीत १ लाख लोकांनी पाहिली, तरी या आकड्यात एका प्लेटचीही भर पडत नाही. उलट तेच २०० लोक दोनऐवजी तीनदा आले, तर विक्री १८,००० होते. म्हणून लहान गावात फोनचा उपयोग अनोळख्यांना भुलवण्यापेक्षा ओळखीच्यांना आठवण देण्यासाठी अधिक होतो.

त्यासाठी खर्चिक साधन लागत नाही. व्हॉट्सॲपच्या ब्रॉडकास्ट यादीत २५६ जण बसतात. परंतु ज्याने गाडीवाल्याचा क्रमांक आपल्या फोनमध्ये जतन केला आहे, त्यालाच तो संदेश मिळतो. म्हणजे गिऱ्हाईकाने क्रमांक जतन करणे हीच पहिली कमाई. सकाळी कढई चढताना काढलेले एक छायाचित्र, आजचा पदार्थ आणि गाडी सुरू होण्याची वेळ स्टेटसवर टाकली की ती २४ तास राहते. कचेरीतील दहा प्लेटची मागणी अकरापूर्वी कळली, तर माल वाया जात नाही. पावसाने गाडी लागणार नसेल, तर तेही कळवावे. गिऱ्हाईकाची फेरी वाचवणारा विक्रेता त्याच्या मनात घर करतो.

अनोळख्या गिऱ्हाईकाचाही प्रसंग येतो. याच तालुक्यात बंजारा समाजाचे श्रद्धास्थान पोहरादेवी आहे. रामनवमीला तेथे दूरदूरच्या राज्यांतून भाविक येतात आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये तेथे बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झाले. असा प्रवासी नकाशावर शोधूनच खायला थांबतो. गुगलच्या नकाशावर गाडीची नोंद विनामूल्य होते. जागा, वेळ, भाव आणि दोन खरी छायाचित्रे एवढे तेथे पुरते.

खरी कसोटी मात्र शब्दाची आहे. ‘जैन पदार्थ मिळेल’ अशी पाटी लावणे सोपे. ती पाळणे अवघड. मुंबईत बटाट्याऐवजी कच्ची केळी घालून केलेली जैन पावभाजी रुळून गेली आहे. कच्च्या केळीचा वडा किंवा कांदा न घातलेला मूगवडा मानोऱ्यातही करता येईल. परंतु कढई, तेल, झारा आणि चटणी वेगळी हवी. ओले आले चालत नाही, सुंठ चालते, हे गाडीवाल्याला ठाऊक हवे. सूर्यास्तापूर्वी जेवणाऱ्या घरांसाठी वेळही सांभाळावी लागेल: या भागात डिसेंबरात सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळतो, जूनमध्ये सातच्या आसपास. ज्या कढईत आलूबोंडा तळला, त्याच कढईतला वडा ‘जैन’ म्हणून दिला, तर शंभर सुंदर छायाचित्रे एका गिऱ्हाईकाच्या तोंडून खोटी ठरतील. ज्या गावात सर्व घरे एकमेकांना ओळखतात, तेथे अशी गोष्ट स्टेटसपेक्षा वेगाने पसरते.

स्वच्छतेचे नियमही याच विश्वासाचा भाग आहेत. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अन्वये हातगाडीलाही नोंदणी लागते. वारंवार तापवलेल्या तेलावर १ जुलै २०१८ पासून मर्यादा आहे. त्यातील ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांहून अधिक झाली की ते तेल वापरता येत नाही. वर्तमानपत्राच्या कागदात खाद्यपदार्थ बांधण्यास मनाई आहे. नोंदणीचा क्रमांक गाडीवर दिसला, तर तो कोणत्याही जाहिरातीपेक्षा अधिक बोलतो.

फोनचा आणखी एक लाभ गिऱ्हाईकाला दिसत नाही. यूपीआयने आलेला प्रत्येक रुपया बँकेत नोंदला जातो. ज्याची कमाई आजवर गल्ल्यात येऊन गल्ल्यातूनच जात असे, त्याच्याजवळ प्रथमच लेखी हिशेब तयार होतो. जून २०२० मध्ये सुरू झालेली पंतप्रधान स्वनिधी योजना नगरपंचायतींच्या हद्दीतील पथविक्रेत्यांनाही लागू आहे. २०२५ मधील फेररचनेनंतर तिची मुदत ३१ मार्च २०३० पर्यंत वाढली असून कर्जाचे टप्पे १५,०००, २५,००० आणि ५०,००० रुपयांचे आहेत. पहिले फेडले की दुसरे मिळते, आणि वेळेवर फेडणाऱ्यास व्याजात ७ टक्के सवलत आहे. सावकाराच्या दारातून सुटण्याचा हा मार्ग आहे.

येथे व्यापारी घरांनाही करण्यासारखे काही आहे. घरातील कॉलेजात जाणारा मुलगा किंवा मुलगी एका दुपारी गाडीवाल्याची नकाशावर नोंद करून देऊ शकते. त्याला व्हॉट्सॲपची यादी आणि कर्जाचा अर्ज समजावून सांगू शकते. दुकानदाराने उधारीचे पान दर शनिवारी त्याच्यासमोर मांडावे आणि त्याच्याकडून दिवसाची विक्री, माल आणि शिल्लक या तीन ओळी लिहून घ्याव्यात. महिनाभरात त्याला कळेल, कोणत्या दिवशीच्या स्टेटसने प्लेट वाढल्या आणि कोणत्या दिवशी केवळ कौतुकाचे अंगठे मिळाले. तो फरक ज्याच्या वहीत उतरला, त्याची गाडी पावसाळ्यातही उभी राहील.