छोटी गाडी बंद पडली तर ओढायला काय घ्यावे? ट्रॉलीची साखळी तर नकोच

मागच्या दिवाळीत आमच्या पाहुण्यांची अल्टो मोगराळे घाटाच्या अलीकडे बंद पडली. टो-व्हॅनवाल्याने फोनवर आकडा सांगितला तो ऐकून आम्ही गप्पच झालो. मग घरून ट्रॅक्टर नेला, ट्रॉलीची साखळी काढली आणि गाडीखाली हात पोचला तिथे गुंतवली. दोन किलोमीटर गेलो नाही तोच ढिली पडलेली साखळी एकदम ताणली, आणि पुढचा बंपर अर्धा निखळून रस्त्यावर घासायला लागला. आत बसलेल्या भाच्याला काही लागलं नाही. पण बंपर आणि खालचा वाकलेला रॉड धरून खर्च व्हॅनच्या भाड्यावर गेला.

तेव्हापासून या सामानाची जरा चौकशी केली.

पहिली गोष्ट, गाडीच्या वजनाने दोर तुटत नाही, झटक्याने तुटतो. आठशे किलोची छोटी गाडी सपाट डांबरीवर सरकवायला १५-२० किलोचा जोर पुरतो, म्हणून तर दोन माणसं ती ढकलू शकतात. पण दोर ढिला पडून एकदम ताणला की तोच जोर कितीतरी पटींनी वाढतो. साखळी आणि वायररोप ताणत नाहीत, म्हणून सगळा झटका गाडीच्या हुकावर येतो. त्यातून वायररोप तुटला तर चाबकासारखा मागे येतो.

म्हणून घ्यायचा तो शिवलेला पट्टा, दोन्ही टोकांना फास असलेला. दोन इंच रुंद, लेबलवर ३ टन लिहिलेला पट्टा अल्टो, वॅगनआरला चालतो. चिखलातून काढायचं काम पडत असेल तर ५ टनाचा घ्या. लांबी चार ते पाच मीटर. दोन गाड्यांत पाच मीटरपेक्षा जास्त अंतर नको असा नियमच आहे, आणि फार आखूड घेतला तर पुढच्याने ब्रेक मारल्यावर मागच्याला वेळ मिळत नाही. पट्टा नसेल तर अंगठ्याएवढा जाड नायलॉनचा दोर चालेल, पण गाठ मारली की दोराची ताकद जवळपास निम्मी होते हे ध्यानात ठेवा. गोठ्यावर वर्षभर उन्हात पडलेली रंगीत प्लास्टिकची दोरी मात्र नको, ती ठिसूळ झालेली असते. कासरा तर बैलालाच ठेवा.

पैसे वाचवायचे तर पट्ट्याच्या रंगात, पॅकिंगमध्ये वाचवा. टोकाच्या कडीत नको. स्वस्त पट्ट्याबरोबर येणारे उघडे हूक दोर ढिला पडला की निसटतात. स्क्रूची पिन असलेल्या दोन डी-शॅकल वेगळ्या घ्या. हार्डवेअरच्या दुकानात मिळतात.

आता बांधायचं कुठे? बऱ्याच नव्या गाड्यांच्या बंपरवर छोटं झाकण असतं. ते काढून आत जॅकच्या सामानातली कडी फिरवून बसवायची. ही कडी डिकीत आहे का ते आजच बघा, जुन्या गाडीत ती हमखास गायब असते. काही गाड्यांत तिचे आटे उलटे असतात, म्हणून जबरदस्ती करू नका. पूर्ण आत बसेपर्यंत फिरवा. एक्सलला, रॉडला, बंपरला काहीही बांधायचं नाही. ट्रॅक्टरला बांधताना खालच्या ड्रॉबारला बांधा, हायड्रॉलिकच्या हातांना नाही. आणि उसाच्या ट्रॉलीमागे गाडी जोडू नका, ट्रॅक्टरवाल्याला मागचं काहीच दिसत नाही.

लोखंडी दांडाही मिळतो. त्याने झटका बसत नाही आणि मागची गाडी पुढच्यावर आदळत नाही. पण तो महाग, जड, ठेवायला अडचणीचा. भावकीत तीन-चार गाड्या असतील तर मिळून एक घ्यावा, एकट्याने घेण्यात अर्थ नाही. गावातल्या वेल्डिंगवाल्याने पाइपचा करून देतो म्हटलं तरी मी घेणार नाही, टोकाचं वेल्डिंग सुटलं तर काय होईल सांगता येत नाही.

आता ब्रेकचं. इंजिन बंद असलं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेकचं पेडल दगडासारखं होतं, पॉवर स्टेअरिंगही जड होतं. म्हणून मागच्या गाडीत लायसनवाला, अंगात जोर असलेला माणूस बसवा. चावी ऑन ठेवा, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल. गिअर न्यूट्रलला, वेग वीसच्या आसपास. दोर ताठ ठेवायचं काम मागच्याचं. उतार लागला की त्यानेच आधी हलका ब्रेक धरायचा. ब्रेकच गेले असतील किंवा घाट उतरायचा असेल तर पट्ट्यावर नेऊ नका, तिथे व्हॅनच बोलवा. ऑटोमॅटिक आणि इलेक्ट्रिक गाडीचंही तसंच, चारही चाकांवर ओढली तर गिअरबॉक्स किंवा मोटर जायची भीती. पुस्तिकेत काय लिहिलंय ते बघूनच हात लावा.

मागच्या काचेवर 'ऑन टो' असा मोठ्या अक्षरातला कागद लावा, पट्ट्याच्या मधोमध लाल फडकं बांधा. मध्ये दोर आहे हे मोटरसायकलवाल्याला दिसत नाही, तो दोन गाड्यांच्या मधूनच घुसतो. बॅटरी उतरलेली असेल आणि मागचे दिवे लागत नसतील तर रात्री ओढू नका, गाडी कडेला लावून सकाळी या.